कागदावरचं तेल

ताई सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काउंटरवर असायची, आणि तिचा स्वतःच्या नजरेवर नको तितका विश्वास होता. गिऱ्हाईक आलं की त्याच्या कपाळाला, नाकाला एक पातळ टिपकागद लावायचा, उजेडात धरायचा आणि निकाल द्यायचा : तेलकट, कोरडी, मिश्र. त्यावर अपील नाही. खरं तर आधी तोंड धुऊन तासभर थांबायचं असतं. पण दुकानात कोण थांबतंय?

धाकटी बहीण वेफर तळायच्या कारखान्यात होती. एकदा कामाची पाळी संपवून ती तशीच दुकानात आली. गालावर चार पुटकुळ्या उठल्या होत्या. ताईने कपाळाला कागद लावला, तर त्यातून आरपार दिसायला लागलं.

"अगं बाई, हा तर तेलाचा घाणाच!" असं म्हणत तिने तेलकट त्वचेचा सगळ्यात कडक फेसवॉश तिच्या हातात ठेवला.

आठवड्याने ताई कामावरून घरी आली, तर न्हाणीघराचं दार आतून लावलेलं. नळ चालू होता. धाकटी कामावर गेलीच नव्हती.

"दार उघड."

"नको. तू बघू नकोस."

ताईने दारावर थापा मारल्या, रागावली, मग गयावया केली. शेवटी कडी निघाली.

चेहरा लालभडक. गालांवरून साल सुटलेली, पापण्या सुजलेल्या, ओठांचे कोपरे चिरलेले. ताईला काही सुचेना, तेव्हा तिने सवयीने पर्समधला कागद काढून हळूच कपाळाला टेकवला. तो पाण्याने नुसता ओला झाला. तेलाचा ठिपकासुद्धा नाही.

त्या दिवशी तोंड धुवायला न लावताच टिपलेलं तेल कारखान्यातल्या कढईचं होतं.

"एवढी आग होत होती, तर बंद का नाही केलंस?"

"तूच सगळ्यांना सांगतेस ना, चुरचुरलं की समजायचं काम करतंय." बोलताना धाकटीचे ओठ हलत नव्हते. "मग मी आणखी धुतलं. आत्तापण धूत होते."

ताईने झडप घालून नळ बंद केला. आपण हे खरंच सगळ्यांना सांगितलं होतं, हे तिला आता उमगलं. उन्हातून आलेल्या, क्रीम थापून आलेल्या, मान डोलावून बाटली घेऊन गेलेल्या कितीतरी बायका. आणि ही, जिने लहानपणापासून तिचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता.

"चल, डॉक्टरकडे जाऊ."

"डॉक्टर कशाला? तू सांग ना. डाग राहणार नाहीत ना गं, ताई?"

"मला नाही माहीत."

धाकटीच्या लेखी ताईने काही सांगितलं की ते खरंच असायचं. तिने 'माहीत नाही' हेही खरं मानलं. ती रडायला लागली, आणि अश्रू सोललेल्या गालावर उतरताच कळवळून किंचाळली.