नासका म्हणता कुणाला?

मी एक जुना हापसा आहे. जुना म्हणा, गंजका म्हणा, खुशाल म्हणा! पण मित्रांनो, मला नासका म्हटलेलं मी मुळीच ऐकून घेणार नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या कडेला, कारखान्यांच्या पाठीमागे आमची वस्ती आहे. बोअरची गाडी आली तेव्हा तिनं आधी काळा पाषाण फोडला, मग खालचा ठिसूळ, बारीक छिद्रांचा मांजऱ्या दगड, आणि त्या दगडाच्या भेगांतून थंडगार पाणी उसळलं. बायकांनी मला हळदीकुंकू लावलं, अमिनाचाचींनी साखर वाटली. माझा दांडा दिवसभर खाली-वर, खाली-वर! भांडणं माझ्यापाशी, गप्पाही माझ्यापाशीच. कसला रुबाब होता माझा!

मग एके वर्षी माझं पाणी पिवळं आलं. वरच्या अंगाला नळांना चकाकी देणारं एक शेड होतं. ते कधीच बंद पडलं होतं, पण त्याच्या खड्ड्यातलं विषारी पाणी भेगाभेगांतून झिरपत माझ्यापर्यंत पोचलं होतं. पण दोष कुणाला? मला! माझ्यावर लाल फुली मारली, दांडा काढून नेला. उरली नुसती नळी आणि झाकण. रिक्षावाला साकिब तर औरंगपुऱ्यात उभा राहून ओरडायचा, "नासका हापसा, नासका हापसा, एक सीट!" माझ्या बदनामीचा थांबा झाला हो!

अरे, मी नासलो नव्हतो. नासलेलं माझ्याकडे आलं होतं.

ते कुठून आलं आणि पुढं कुठं जातंय, हे शोधायला भूजल खात्याच्या अश्लेषा मॅडम आल्या. त्यांच्याकडे एक लांब टेप होती. तिचं टोक आत पाण्याला टेकलं की ती टुंई करायची. मॅडमनी शेडची बोअर मोजली, मला मोजलं, खालच्या शाळेची बोअरही मोजली. जमिनीखालचं पाणीसुद्धा उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं ना, म्हणून तिन्हींची पातळी हवी. माझी पातळी सगळ्यात खाली निघाली.

"म्हणजे घाण इथंच येऊन थांबते. शाळेची बोअर याच्याहून वर आहे, तिला धोका नाही," मॅडम म्हणाल्या.

वस्तीचे अध्यक्ष व्यंकटराव खूश झाले. "मग बुजवून टाकू याला. कटकटच नको."

सिमेंटची पोती माझ्या शेजारी येऊन पडली. मी आतून ओरडत होतो, चूक होतेय, मोठी चूक! पण नळीची हाक कोण ऐकणार?

बुजवण्याआधी मॅडमनी शेवटचं माप घ्यायला टेप सोडली. ती वर ओढताना मी तिचं टोक माझ्या गळ्यातल्या सांध्यात घट्ट धरलं. ओढा आता!

"सोड की रं मुडद्या!" सरूबाई हसली. तिचं घर माझ्यासमोरच. "जाता जाता मॅडमचा पदर धरतो का?"

मॅडमनी आत टॉर्च मारला. "इथं वेल्डिंग आहे. ही नळी वरून जोडली का?"

"व्हय की. रस्ता करायलेत, करायलेत, दर बारीला उंच करायलेत. पावसाचं पाणी आत जायलं व्हतं. म्हणून दोन फुटांनी मान वाढवली याची."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, नकाशात याच्या जुन्या तोंडाची उंची आहे! आणि मी मोजत आले या नव्या तोंडापासून. न विचारता तीच उंची धरली मी. याचं पाणी दोन फूट वर आहे."

"मग काय बिघडलं?" व्यंकटराव म्हणाले.

"मग शाळेची बोअर याच्याहून खाली झाली."

सरूबाईचं हसू गेलं. "म्हंजे पिवळं पाणी शाळंकडं निघालंय?"

"व्हय," मॅडमसुद्धा पटकन बोलून गेल्या. "अजून पोचलं नसेल. पण याला बुजवलं असतं तर ते कुठवर आलं हे कळलंच नसतं."

व्यंकटरावांचा नातू मिहिर त्याच शाळेत. त्यांनी आधी शाळेला फोन लावला, "ती बोअर आत्ताच्या आत्ता बंद करा!" मग पोत्यांकडे बघून म्हणाले, "याच सिमेंटचा ओटा बांधा याला. चांगला भक्कम."

मित्रांनो, मला पुरायला आलेल्या सिमेंटवर मी आज ताठ उभा आहे! शेडचा खड्डा उपसलाय. माझ्यात पंप सोडलाय. पिवळं पाणी मी वर खेचतो आणि ते टाकीत शुद्ध होतं. शाळेची बोअर अजून स्वच्छ आहे. मॅडम येतात, टेप सोडतात, आधी वेल्डिंगवरून बोट फिरवतात, मग माप घेतात. पाणी हळूहळू निवळतंय, पण घाई करून चालणार नाही. भेगांत मुरलेलं विष असं सहजी निघत नाही.

तुमच्याकडेही असेल माझ्यासारखा एखादा. त्याच्यात गुटख्याच्या पुड्या टाकू नका, त्याचं झाकण पळवू नका. आणि त्याच्या पाण्याचा रंग बदलला तर त्याला फुली मारून मोकळे होऊ नका. वरच्या अंगाला काय पुरलंय, ते आधी विचारा. मोठ्यांना विचारा, मोठ्यानं विचारा!

परवा सरूबाई रिक्षातून उतरली आणि पैसे मुठीतच धरून उभी राहिली. "साकिब, नासका म्हनशील तर भाडं नाय मिळायचं. शाळंच्या पाण्याची राखण करायलाय त्यो, जागता हापसा म्हण."

"आदत पड गई ना, मावशी."

"मंग मोड!"

काल तो वस्तीत सवारी घेऊन आला. माझ्यासमोर करकचून ब्रेक दाबला आणि ओरडला, "चलो, जागता हापसा आ गया, उतरो!"