गाडी जाईपर्यंत

‘‘आजोबा, हात लावायचा नाही. इथं लिहिलंय,’’ थोरली नात म्हणाली, आणि अण्णांनी दांड्यावरचा हात निमूटपणे मागे घेतला. हाच दांडा ओढून त्यांनी जन्मभर रूळ बदलले होते. आता तो रंग देऊन, वार्निश लावून दोरीपलीकडे उभा केला होता. कामावर असताना बिचाऱ्याच्या नशिबी एवढी चकाकी कधी आली नव्हती. अण्णांना तो ओळखू आला की नाही, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

त्यांची मुलगी मागे पिशवी धरून उभी होती. या आडबाजूच्या स्टेशनावर अण्णा सांधेवाले होते. पुढे लाइन बंद पडली आणि स्टेशनाचं संग्रहालय झालं. उद्या तिचा भाऊ येऊन अण्णांना लांब आपल्या घरी नेणार होता. ती दिवसभर शाळेचे गणवेश शिवायला मशीनवर बसायची आणि इकडे अण्णा दार उघडं टाकून चालू लागायचे. मध्यंतरी शेगडी पेटती राहिली. भावाचं म्हणणं इतकं रास्त होतं, की तिला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

मुलींना सुट्टी आहे, त्यांनाही आजोबांचं स्टेशन दाखवू, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं म्हणजे तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, तेव्हा थोरली कडेवर होती आणि धाकटी पोटात. ती दारात उभी राहिली. अण्णा ड्यूटीवरून आले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कडेवरची मुलगी घेतली आणि ‘हात धुऊन घे’ एवढंच म्हणाले. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. त्यांनी तिला मनापासून घरात घेतलं की गळ्यात पडली म्हणून सांभाळलं, हे तिला कधी विचारायचा धीर झाला नाही. आता विचारायचं तर कोणाला? गेले कित्येक महिने अण्णा तिला ओळखतच नव्हते.

दांड्याच्या खोलीमागेच त्यांचं जुनं घर होतं. संग्रहालयवाल्यांनी तेही सजवलं होतं. स्वयंपाकघरात चुलीपुढे मेणाची बाई बसवली होती. तिचा एक केस जागचा हललेला नव्हता. आईने आयुष्यात इतक्या निवांतपणे स्वयंपाक केला असता, तर ती अजून चार वर्षं जगली असती, असं अण्णांच्या मुलीच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

‘‘एवढ्या जवळून गाडी जायची? मग तुम्ही बोलायचात कसं?’’ खिडकीबाहेरचे गंजलेले रूळ बघून थोरलीने विचारलं. मग अण्णांच्या मुलीने दोघींना घराचा नियम सांगितला. गाडी आली की बोलणाऱ्याने थांबायचं आणि गेली की जिथे थांबला तिथूनच पुढे बोलायचं. वाक्य अर्धं सोडायचं नाही, हा अण्णांचा दंडक. आई भांडतानासुद्धा ‘तुमच्या बहिणीनं’ इथे थांबायची, शेवटचा डबा जाऊ द्यायची आणि तेवढ्याच तावात पुढचं सुनवायची. लग्नाआधी हिला बघायला आलेली मंडळी तर सगळं घर एकदम गप्प झालेलं पाहून भेदरलीच होती.

मुली खिदळत पुढच्या खोलीत पळाल्या. तेवढ्यात अण्णांनी सावकाश पाय उचलून दोरी ओलांडली आणि ते खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तीच त्यांची रोजची जागा. तिकीट देणारी मुलगी काहीतरी म्हणायला पुढे आली, पण हिचा चेहरा बघून तिथेच थांबली.

अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांची मुलगी दाराशी आली. ते तिच्याकडे बघत होते. ओळखीने बघत होते.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी तू अशीच दारात उभी होतीस ना, तेव्हा मला...’’

पलीकडे धाकटीने भिंतीवरचं बटण दाबलं. खच्चून शिट्टी झाली आणि कर्ण्यातून गाडीचा आवाज घरभर धडधडत आला. अण्णांनी चटकन तळहात वर केला. थांब. ती थांबली. त्यांचा चेहरा इतका जागा, इतका पूर्वीसारखा होता, की गाडी गेली की ते सांगणार याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नाही.

एकेक डबा गेला. आवाज विरला. अण्णांचा हात खाली आला.

ती वाट बघत राहिली.

‘‘बाई,’’ अण्णा अदबीने म्हणाले, ‘‘तुम्ही काही म्हणत होतात का?’’

ती म्हणाली, ‘‘मी दारात उभी होते, अण्णा. तेव्हा तुम्हाला...’’

‘‘बरं,’’ अण्णा म्हणाले. प्रवाशाची तक्रार ऐकावी तसं त्यांनी मन लावून ऐकलं. ‘‘मग? पुढं काय झालं?’’

पुढचं तिला तरी कुठे माहीत होतं.

मुली दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आईचे डोळे बघून धाकटीचा चेहरा एवढासा झाला. ‘‘मी विचारल्याशिवाय दाबलं,’’ ती पुटपुटली. ‘‘आता नाही दाबणार.’’

आईने तिला जवळ ओढलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि गुडघ्यावर ठेवलेला त्यांचा हात हलत नव्हता.

‘‘जा,’’ ती धाकटीला म्हणाली, ‘‘दाब परत.’’

धाकटीने एकदा तिच्याकडे, एकदा आजोबांकडे पाहिलं आणि ती गेली. शिट्टी झाली. अण्णांचा हात वर गेला, आणि सगळ्या जणी गाडी जायची वाट बघत उभ्या राहिल्या.