चुगलखोर काटा

"तो लाल काटा हलता कामा नये. एवढं पाळणार असाल तर न्या," असं म्हणत वहिनी स्टुलावर चढू लागल्या.

"अहो वहिनी, तुम्ही उतरा. मी काढतो ना."

"तुम्ही पाहुणे. खाली उभे राहा, आणि मला धरायला येऊ नका."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, खिळ्याला तारेने टांगलेला तो मीटर होता. काळी तबकडी, इंजिनाचे फेरे दाखवणारा पांढरा काटा शून्यावर, आणि लाल काटा मात्र साडेसात हजाराच्याही थोडा पुढे उभा. फोडणीच्या धुराने काच पिवळी पडली होती. काचेतून काटा दिसला आणि खाली उभा असलेला गॅरेजवाला ओरिजिनल टाचा उंचावून पाहू लागला. हाच मीटर शोधत तो इतकी वर्षं वणवण फिरला होता, आणि तो इथे मसाल्याच्या डब्यांवर पहारा करत बसला होता.

त्याचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी गंजली तसं नावही गेलं. कुणी कुठलाही पार्ट पुढे केला, की तो आधी विचारायचा, "ओरिजिनल आहे का?" लोकांनी त्याचं नावच ओरिजिनल ठेवलं. बायको चिडली की म्हणायची, "एवढं ओरिजिनल हवं होतं तर मला कशाला केलंत? माझा एक दात खोटा आहे." ती मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि नातवाचं निमित्त करून तिकडेच राहिली. नातू आता सायकल चालवतो, पण निमित्त काही संपलेलं नाही. भांडण असं काही झालं नाही. भांडायलाही घरी यावं लागतं, आणि हा गॅरेजमध्येच असायचा.

ज्या गाडीचा हा मीटर, ती त्याच्या गॅरेजमध्ये होती. दिसायला चार दारांची, साध्या माणसाने बायकापोरं घेऊन फिरावं अशी. पण शर्यतीसाठी आतून सगळं उपसून काढलेली. मागची सीट नाही, शेजारची सीट नाही, फक्त ड्रायव्हरपुरती एक बैठक. वीटभट्टीच्या शेडमध्ये ती त्याला सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. त्याने ती स्वतःसाठी घेतली. आयुष्यभर लोकांच्या गाड्या उभ्या केल्या, एक तरी गाडी आपली असावी, आणि तिचा स्क्रूसुद्धा तिचाच असावा, एवढीच त्याची हौस. डाव्या बाजूचं दार एका गोठ्याचं फाटक झालं होतं. दिव्याची कडी एका न्हाव्याच्या आरशाभोवती बसली होती. कार्बोरेटरसाठी एका तऱ्हेवाईक माणसाच्या घरी इतक्या खेपा झाल्या, की शेवटी त्याचा कुत्राही भुंकायचा थांबला. इंजिन मात्र पहिल्यापासून जागेवर होतं, त्यावर ठोकलेला नंबर गाडीच्या सांगाड्याशी जुळत होता. आता डॅशबोर्डात एकच भोक राहिलं होतं, बरोबर या मीटरएवढं. महिनाअखेरीला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, आणि सगळं मूळचं असलेली शर्यतीची गाडी तिथे दुसरी कुणाची नव्हती.

"हे शेवटच्या शर्यतीत तिसरे आले," मीटर पदराने पुसत वहिनी सांगू लागल्या. शर्यतीत ती गाडी त्यांचा नवरा चालवायचा. "मालकाने बजावलं होतं, सात हजाराच्या वर इंजिन नेलंस तर खबरदार. यांनी नेलं. आणि हा मेला चुगलखोर!"

लाल काट्याला शर्यतीतले सगळे ड्रायव्हर चुगलखोर म्हणतात. पांढरा काटा खाली-वर होत राहतो, लाल मात्र इंजिन जिथवर चढलं तिथेच अडून बसतो, आणि संध्याकाळी मालकाला सांगतो की तुझ्या ड्रायव्हरने आज इंजिनाचा किती छळ केला.

"मग यांनी काय करावं? मालक यायच्या आत मीटरच काढला, दुसरा कुठला तरी बसवून दिला, आणि हा डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. भित्रे होते हो तसे. पुढे आयुष्यभर कंपनीची बस चालवली, ती इतकी सावकाश की लोक उतरून चालत जायचे." वहिनी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "यांचे कपडे देऊन टाकले. चष्मा दिला. फोटोत तर कुणीही हसतं. पण त्या दिवशी यांनी जिथवर पाय दाबला, तिथे तो काटा अजून उभा आहे. तो यांचा पाय आहे, मिस्त्री. आता मुलगा हे घर आवरायला काढतोय. माझ्या माघारी हा भंगारात जायचा. त्यापेक्षा गाडीत राहू दे."

"काटा हलणार नाही, वहिनी," ओरिजिनल म्हणाला. शब्द देताना त्याला जरासुद्धा अवघड वाटलं नाही.

मीटर त्याने मांडीवर घेऊन आणला. काच पुसली, केबलला तेल दिलं, भोकात तो अलगद बसवला. नखभरसुद्धा फट राहिली नाही. लांब जाऊन त्याने गाडी पाहिली आणि कुणाला तरी हाक मारून दाखवावीशी वाटली. हाक मारण्यासारखं कुणी नव्हतं. मग तो वाकून मागच्या जोडण्या तपासू लागला, आणि मीटरच्या पाठीवरची छोटी किल्ली त्याच्या बोटांना लागली.

नवीन बसवलेल्या मीटरचा लाल काटा आधी शून्यावर आणायचा आणि मगच इंजिन चालू करायचं, ही रीत. पाटी कोरी केल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही. उभ्या जन्मात त्याने ही रीत मोडली नव्हती. बोटांनी ती याही वेळी पाळली आणि किल्ली फिरवली.

टिक् असा आवाज झाला. एवढासाच.

समोर येऊन पाहिलं तेव्हा दोन्ही काटे शून्यावर, एकावर एक होते. तो तसाच जमिनीवर बसला. डोकं चालेना तेव्हा त्याने हात पाहिले, उलटे, सुलटे. त्याला त्या हातांचा एवढा राग कधीच आला नव्हता.

काच उघडून बोटाने काटा वर नेता आला असता. मीटरची केबल ड्रिलने फिरवूनही नेता आला असता. वहिनींना कळायचं काही कारण नव्हतं. पण बोटाने ठेवलेला काटा म्हणजे डुप्लिकेट, आणि डुप्लिकेटला त्याने कधी गॅरेजचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहिनींच्या दारात उभा राहिला आणि बसायच्या आधीच सांगून मोकळा झाला.

वहिनींनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहत राहिल्या. मीटर होता तेवढा रंगाचा गोल भिंतीवर स्वच्छ राहिला होता.

"परत आणून देऊ का?" त्याने विचारलं.

"काय करू त्याचं? माझं त्यात आता काही नाही. ठेवा तुम्हीच." मग सवयीने म्हणाल्या, "चहा घेणार?" आणि तो नको म्हणाला तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गाडी पूर्ण झाली होती. त्याला तिच्याकडे बघवेना. रोज खानावळीचा डबा यायचा, मडगार्डवर ठेवला जायचा आणि संध्याकाळी तसाच्या तसा परत जायचा. मुलीचा फोन आला. "बाबा, मेळाव्याचे फोटो पाठवा हं, आईलाही बघायचेत," ती म्हणाली. तो हो म्हणाला. मेळावा परवावर आला होता.

त्या दुपारी त्याने वहिनींना फोन लावला.

"वहिनी, तुमचा काटा परत वर नेतोय. इंजिनानेच नेतो, पायाने. तुम्ही नुसतं ऐका."

"इंजिन जुनं आहे ना? झेपेल?"

"बघू."

"तसं नसतं हो ते बघू. मी एका ड्रायव्हरची बायको आहे."

त्या काय म्हणताहेत ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. सात हजाराच्या पुढे हे इंजिन नेणं म्हणजे म्हाताऱ्याला जिना पळत चढायला लावणं. आणि आत काही मोडलं तर तसं दुसरं आता कुठे मिळणार नव्हतं. त्याने स्पीकर चालू करून फोन गॅरेजच्या उघड्या खिडकीत ठेवला आणि गाडीतल्या एकुलत्या बैठकीवर बसला.

इंजिन गरम होऊ दिलं. मग पाय दाबला. चार हजार, पाच. पत्रे थरथरायला लागले, भिंतीवरचे पाने खणखणले. पांढरा काटा लाल काट्याला पाठीवर घेऊन चढत होता. साडेसहाला आवाज बदलला, खर्जातला घोगरेपणा गेला आणि एक उंच, सलग सूर लागला. सात. इथे पाय उचलायचा असतो. त्याचा पाय आपोआप सैलावला, तेव्हा तो स्वतःवरच ओरडला, "दाब!" सव्वासात. साडेसात. किंचित पुढे. मग त्याने पाय काढला.

पांढरा काटा खाली आला. लाल तिथेच राहिला.

फोनमधून आवाज आला, ओला आणि बारीक. "शर्यत सुटताना असाच आवाज यायचा. मी कुंपणाजवळ उभी असायचे." मग नाक ओढल्यासारखं झालं. "यांचा नाही तो काटा. तुमचा आहे."

"हो, वहिनी."

"पण खरा आहे."

तो काही बोलणार, इतक्यात त्याला ते ऐकू आलं. शांत चालणाऱ्या इंजिनाच्या पोटातून, एका लयीत, टक्. टक्. टक्. बेअरिंग गेलं होतं. त्याने घाईने चावी फिरवली, पण फोन खिडकीतच होता.

"मिस्त्री, टकटक कसली?"

"काही नाही. झाकण सैल आहे."

"मला सांगता?" वहिनी म्हणाल्या. "यांच्या गाडीत ही टकटक झाली की दोन दोन दिवस आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. मेळाव्याला नाही जाता येणार ना आता?"

"नाही."

गॅरेजमध्ये तापलेलं लोखंड निवताना कुरकुरत होतं. त्याला वाटलं, आता त्या फोन ठेवतील.

"तुम्ही जेवलात का?" वहिनींनी विचारलं.

हा प्रश्न त्याला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता.

"डबा आहे," तो म्हणाला.

"हे अशा दिवशी जेवायचे नाहीत. ताट तसंच झाकून राहायचं. तुम्ही तसं करू नका. हात धुवा आणि जेवून घ्या."

त्याने हात धुतले. बोटांच्या पेरांतलं काळं काही गेलं नाही. मडगार्डवरचा डबा घेऊन तो पुन्हा त्याच बैठकीवर बसला, कारण गाडीत दुसरी जागा नव्हती. समोर लाल काटा उभा होता. त्याने डबा उघडला आणि गार झालेला पहिला घास घेतला. फोन खिडकीत चालूच होता. वहिनी काही बोलत नव्हत्या, पण त्यांनी तो ठेवलाही नव्हता.