प्रवक्त्याच्या खणातला माईक

"बाबा, कारखान्याच्या पलीकडच्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः प्याल का?"

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी पैज मैत्रिणींनी तिला घातली होती. तिने तो खरंच विचारला, आणि त्या वेळी मी तिच्या मुठीत होतो.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. पोटात तांब्याची बारीक तार, डोक्यावर जाळी, अशा थाटात मी एका छोट्या वृत्तवाहिनीत नवख्या वार्ताहराच्या हाती पडलो. पहिल्या दिवशी त्याच्या तळहाताला इतका घाम सुटला होता की मी दोनदा निसटलो. पुढे मात्र आमची जोडी जमली. आग लागो, पूल खचो, आम्ही हजर. त्याची एक खोड होती. प्रश्न विचारला की तो गप्प व्हायचा आणि मला समोरच्याच्या तोंडाशी तसाच धरून ठेवायचा. ती शांतता भल्याभल्यांना सोसायची नाही. लोक म्हणायचे, "हा दगडालाही बोलतं करेल."

मग वाहिनी बंद पडली. एका कारखान्याने त्याला प्रवक्ता केलं. मी त्याच्या घरी आलो आणि जुन्या चार्जरच्या गुंत्यात, खणात पडलो. आता पत्रकार परिषदेआधी तेवढा बाहेर येतो. लेकीने प्रश्न विचारायचे, त्याने हसतमुखाने उत्तरं द्यायची, असा सराव.

काल सकाळी मात्र त्याला हसू येईना. कारखान्याच्या पलीकडेच लेकीची शाळा, आणि आठवडाभर तिथल्या नळाला पिवळट पाणी येत होतं. तिच्या वर्गातल्या अकरा मुली उलट्यांनी अंथरुणाला खिळल्या होत्या.

"पाणी पूर्णपणे सुरक्षित आहे," तो कागदात बघत म्हणाला.

"मी ते विचारलंच नाही. तुम्ही प्याल का?"

आणि ती गप्प झाली. मी त्याच्या तोंडाशी तसाच. बापाची खोड लेकीने बरोब्बर उचलली होती. मित्रांनो, त्याचा श्वास मी ओळखतो, आगीच्या धुरातही तो असा अडखळला नव्हता. आता हा खोटं बोलणार आणि ते माझ्या जाळीला चिकटून राहणार, या भीतीने मी गारठलो.

"तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही," तो पुटपुटला.

"मग सुरक्षित कुणी लिहिलं?"

"वरून आलंय, बाळा. मी फक्त वाचतो."

"अहो, वाचायला तर पहिलीतल्या पोरांनाही येतं," आई दारातून म्हणाली. तिच्या हातात लेकीसाठी घरच्या पाण्याने भरलेली बाटली होती. "ही संपली की शाळेत हिला तेच पाणी आहे. नोकरी जाईल म्हणून घाबरलाय ना? मीही घाबरलेय."

मित्रांनो, आमची जाळी पुसा, तार पिळू नका, हे तर सगळेच सांगतात. माझं मागणं एवढंच, की आमच्यासमोर बोलताना पाय लटपटले तरी चालतील, पण शब्द उसने घेऊ नका.

तिने मला टेबलावर ठेवलं. दप्तर खांद्याला लावलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. आज मी वर्गावर्गात जाऊन सांगणार, नळाचं पाणी पिऊ नका, अहवाल आलेला नाही. कुणाकडून कळलं असं विचारलं, तर मी बाबांचं नाव सांगणार."