नाव न घेणारी

एकेचाळीस वर्षांच्या संसारात पंचफुलाबाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. माप ओलांडायच्या दिवशीच सासूने बजावलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं. उखाण्यात घेतलेलं चालतं, असं दारात अडवून उभ्या राहिलेल्या साऱ्या बायांनी समजावलं. पण ही कसली ऐकते! ती त्यांच्या हाताखालून वाकून घरात शिरली आणि थेट चुलीपाशी जाऊन बसली.

आता नवऱ्याचं नाव निघालं गोवर्धन. त्यामुळे दिवाळीत बडनेऱ्यातल्या साऱ्या बाया गोवर्धनाची पूजा करायच्या आणि पंचफुलाबाई "शेणाच्या पर्वताची" करायच्या. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की कार्ड पुढे सरकवायच्या. मुलाच्या, अमोलच्या, जन्माच्या वेळी दवाखान्यात नर्सने बापाचं नाव विचारलं. दोनदा विचारूनही या सांगेनात, तेव्हा नर्सला भलतीच शंका आली आणि तिने कीव येऊन एक केळं जास्त दिलं. हा किस्सा गोवर्धनजींनी बांधकाम खात्यातल्या नोकरीत प्रत्येक नव्या साहेबाला ऐकवला. एकदा तर त्यांनी मंगळसूत्रातली सोन्याची डोरली आणून हात वर धरला होता.

"नाव घे, अन् घेऊन जाय."

"ठेवा मंग तुमच्याच गळ्यात," पंचफुलाबाई म्हणाल्या. आठ दिवसांनी गोवर्धनजींनीच मुकाट्याने ती बायकोच्या गळ्यात घातली.

हे सगळं चांगल्या दिवसांतलं. दोन वर्षांपासून गोवर्धनजींच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली होती. आधी चष्मा, मग वार, मग अमोलची बायको. महिन्यातून एकदा पंचफुलाबाई त्यांना घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याच्या डॉक्टरकडे यायच्या. आज डॉक्टरांनी विचारलं, "बायकोचं नाव काय तुमच्या?" गोवर्धनजी पंख्याकडे बघत राहिले. नाव काही येईना. डॉक्टरांनी पंचफुलाबाईंकडे बोट करून विचारलं, "बरं, या कोण?"

"हे?" गोवर्धनजी हसले. "हे माहं नाव न घेनारी."

पंचफुलाबाईंना वाटलं, डॉक्टरांच्या पाया पडावं. माझं नाव गेलं तर गेलं. मी कोण ते तर ठाऊक आहे! डॉक्टर मात्र हसले नाहीत. आता पुढचा काळ कठीण आहे, माणसं ओळखू येणार नाहीत, असं ते म्हणाले. पंचफुलाबाईंनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. बाकीच्यांना विसरतील. मला नाही विसरायचे.

परतीच्या गाडीला अर्धा तास होता. वैशाखातली दुपार, स्टेशनावर नुसती आग. नवऱ्याला बाकावर बसवून, "मी पानी आनतो, हालू नोका," असं सांगून त्या नळावर गेल्या. परत येतात तो बाक रिकामा.

पाच मिनिटांत त्या घोषणेच्या खोलीत पोचल्या. तिथली मुलगी, सीमा, भली होती. तिने पंचफुलाबाईंच्या हातातल्या दवाखान्याच्या फाइलवरचं नाव वाचून दोनदा घोषणा केली, पण तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली आणि कुणाला काही ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "आजी, तुमीच बोला. तुमचा आवाज ओयखतीन ते."

पंचफुलाबाईंनी माइक धरला. "अवो, अमोलचे बाबा! आयकलं काय जी? इकडे या!"

खिडकीतून दिसत होतं, फलाटावरच्या चार-पाच म्हाताऱ्यांनी दचकून वर पाहिलं आणि एक तर पिशवी उचलून निघालासुद्धा. सीमाला हसू आवरेना. "आजी, सतरा अमोलचे बाप असतीन इथी. नाव घ्या ना सरळ."

पंचफुलाबाईंचे कान तापले. सासू आठवली. मग रूळ दिसले आणि पलीकडून येणारी गाडी दिसली. आयुष्य घटायचं तर घटू दे, आधी माणूस सापडू दे. त्यांनी डोळे मिटले.

"गोवर्धन!" साऱ्या स्टेशनभर घुमलं. "गोवर्धन गावंडे! मी बलावून राहिली जी! गोवर्धन!"

एकदा सुटल्यावर त्यांना थांबता येईना. सहा वेळा घेतलं. पण कुणी आलं नाही.

शेवटी जिना चढून त्या दोन नंबरच्या फलाटावर गेल्या आणि गोवर्धनजी तिथेच होते, भोंग्याच्या बरोबर खाली, बाकावर मांडी घालून. पंचफुलाबाईंना रडू आलं आणि रागही आला.

"आयकू नाई आलं काय जी तुमाले? किती बलावलं मी!"

गोवर्धनजींनी अदबीने सरकून जागा करून दिली. "बसा बाई, बसा. आलं ना आयकू. गोवर्धन मीच होय. पन कोन बाई होती मालूम नाई, नाव घेऊन बलावून राहिली होती. म्हून मी उठलोच नाई."

"काहून?"

"घरची नोय ना थे!" त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला. "आमची घरची मरून जाईन, पन नाव नाई घेनार."

पंचफुलाबाई बसल्या. नाव परत गिळता आलं असतं तर त्यांनी आत्ता गिळलं असतं. तेवढ्यात बडनेऱ्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागली. त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"चला जी. गाडी आली."

गोवर्धनजींनी संकोचून हात सोडवून घेतला.

"तुमी व्हा पुढे, बाई. माही घरची पानी आनाले गेली हाय. थे आल्याबिगर मी नाई हालत."