कोनाड्यातलं अंडं

गिरणीच्या साहेबाच्या मडमेनं ईस्टरच्या सणाला शरणम्माच्या हातात सोनेरी कागदातलं एक अंडं ठेवलं आणि हसून म्हणाली, "मिठाई." बंगल्यावर झाडलोट करणाऱ्या बाईनं मडमेला काय नाही म्हणायचं? मिठाई तर मिठाई. घरी आणून तिनं ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. चुकलं ते इथंच. सोलापूरचा एप्रिल, वर तापलेला पत्रा, खाली धगधगती चूल, आणि कागदात चाकलेट, त्याच्या पोटात अंड्यासारखाच पांढरा-पिवळा साखरेचा पाक!

दुपारी ते ढासळलं. आधी पांढरं, मग पिवळं धमक बाहेर आलं आणि भिंतीवरून ओघळत चुलीपर्यंत गेलं. सासू गौरव्वानं बघितलं मात्र, गल्ली गोळा केली. लिंगायताच्या घरात अंडं!

"चूल बाटवलीस माझी. उचल गठुडं, जा वळसंगला बापाकडं. आजच."

"आत्याबाई, साखर हाय ती. चाखून बगा की."

"आता मलाबी बाटवती व्हय?"

बघा हा न्याय. चाखल्याशिवाय खरं कळायचं नाही, आणि चाखावं तर पाप! शरणम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न होऊन आल्यापासून ह्या चुलीपुढं राबली, शिळंपाकं खाल्लं, वर तोंड करून बोलली नाही, त्याचं हे फळ.

नवरा निंगप्पा खांबाला टेकून नखं कुरतडत होता. ती म्हणाली, "तुमी तरी सांगा की."

"आई म्हणती तसं कर," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पगाराच्या दिवशी हा स्टेशनाजवळ काय खाऊन येतो, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सदरा धुताना खिशात सापडलेली अंड्याची टरफलं तिनंच राखेत पुरली होती. नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू, म्हणून कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आणि हा मेला आज खांबाला चिकटून उभा!

तिनं भिंतीवरचं पिवळं बोटावर घेतलं आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"घ्या, चाखा, आन् सांगा समद्यास्नी. ह्या घरात अंड्याची चव तुमालाच ठावं हाय."

गौरव्वा लेकाकडं वळली. "निंग्या, ही काय म्हणती?"

निंगप्पा खांब सोडून दाराकडं सरकला.

शरणम्मानं बोट चाटलं, हात धुतले आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. चूल बाटलीच असेल, तर ती काय आज बाटली नव्हती.