बोट दाखवलेला भोपळा

आमच्याकडे वाढत्या भोपळ्याला बोट दाखवत नाहीत. दाखवलं की फळ कुजतं म्हणे. अगदीच दाखवायचं झालं तर बोट मुडपून दाखवायचं. माझे सासरे अण्णाराव, मी त्यांना मामा म्हणते, त्यांनी तर निलंग्याच्या कृषी प्रदर्शनात मांडायच्या भोपळ्याजवळ बोटांवर बंदीच घातली होती. माझ्या बोटांची त्यांना काळजी नव्हती, कारण माझ्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या असायच्या.

मला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मुदखेडहून आईचा रोज फोन यायचा आणि माझा जीव नुसता तिकडे लागलेला. पण मामा म्हणायचे, "परदर्शन होऊ दे, मग जा. वेलीला तुझ्या हातचं पाणी मानवलंय." माझा नवरा दयानंद लातूरला नोकरी करतो. रविवारी येतो, बापापुढे "हाव, हाव" करतो आणि सोमवारी जातो.

भोपळा चारी बाजूंनी सारखा गोल व्हावा म्हणून मामा रोज पहाटे तो थोडा थोडा फिरवायचे. वेलीला पीळ पडत गेला आणि एका सकाळी ती बुडापाशी चिरली. कशानं चिरली ते मला कळलं, सासूबाईंनाही कळलं. मामांना मात्र त्यात कुणाचं तरी बोट दिसलं.

मग शुश्रूषा सुरू झाली. सासूबाईंचं मऊ लुगडं फाडून चिरेवर पट्टी बांधली. काटक्यांचा आधार दिला. पुढच्या पेरापेरावर ओली माती चढवली, म्हणजे तिथून नवी मुळं फुटतात. बाकीची कोवळी फळं खुडून टाकली, वर सावलीला कापड बांधलं. आणि तिच्याशेजारी मांडी घालून मामा मला समजावून सांगू लागले, "तिच्या पोटाला फळ हाय. तिला आता लई जपाय पायजे. जरा बी ताण न्हाई द्यायचा. जा, अजून दोन बादल्या आण."

मला रडू आलं. मग रडण्याचाही राग आला.

संध्याकाळी मामांनी आम्हा दोघींना ओसरीवर उभं केलं. "खरं सांगा. बोट कुणी दाखवलं?"

"मी," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. पण तोंडातून निघाल्यावर फार बरं वाटलं.

"मुडपून?" मामांनी आशेनं विचारलं.

"न्हाई. सरळ. लई वेळ."

मामा ताडकन उठले. "उद्याच्या उद्या मुदखेडला जा! परदर्शन होईस्तोवर इकडं फिरकू नको!"

"आन् बाळंतपण?"

"ते बी तिकडंच कर!"

मी मान खाली घातली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. भीती सासूबाईंची होती. माझे दोन्ही हात दिवसभर बादल्यांत अडकलेले असतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर मी पुन्हा बादल्यांपाशी.

"आवं," त्या शेवटी म्हणाल्या, "म्या बी दाखवलंय."

"तू? कवा?"

"रोजच."

सकाळी मुदखेडला निघताना लातूरच्या गाडीत माझ्याशेजारी सासूबाईंनी खिडकीची जागा धरली. मामा खाली उभे होते. वेलीपाशी आता एकही गुन्हेगार उरला नव्हता, आणि पाणी घालणारंही कुणी नव्हतं.

"आन् माझ्या भाकरी?" त्यांनी विचारलं.

"डब्यात पीठ हाय," सासूबाई म्हणाल्या.

गाडी निघाली. लग्न झाल्यापासून सासूबाई लग्नाला, मौतीला आणि दवाखान्याला सोडून कुठे गेलेल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मुदखेडला बघाय काय हाय गं?"

"काही न्हाई. रेल्वेचं जंक्शन हाय."

"चालंल," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले.